सेल्फ फिरतोय, गाडी उचलत नाही: पंप की सेन्सर?

सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं, पण पेट घेत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू. मग आठ दिवस सुखाचे, आणि पुन्हा नेमकं आंबा घाटात नाही तर चाकरमान्यांच्या गर्दीत तेच. गॅरेजला नेली की साळसूदपणे चालू होते आणि मिस्त्री गाडीऐवजी आपल्याकडेच संशयाने बघतो.

सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर यांची बाजू बहुतेक साफ. नुसती टकटक येत असेल किंवा सेल्फ रडत फिरत असेल, तर तो वेगळा विषय. पेट्रोल गाडीत या लपंडावामागे बऱ्याचदा दोघांपैकी एक असतो: टाकीतला फ्यूएल पंप किंवा इंजिनवरचा क्रँक सेन्सर. दोघेही तापले की दगा देतात, गार झाले की सुधारतात. त्यामुळे एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला शिक्षा होते. माझ्या मते ती पंपालाच जास्त वेळा होते, आणि त्याला कारणही आहे.

क्रँक सेन्सर फ्लायव्हीलजवळ किंवा पुलीजवळ बसवलेला असतो. दातेरी चाक त्याच्यासमोरून फिरतं आणि इंजिन कुठल्या स्थितीत, किती वेगाने फिरतंय हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो. हा सिग्नल गेला की प्लगला करंट कधी द्यायचा आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर कधी उघडायचा हे ईसीयूला समजत नाही. मग बहुतेक गाड्यांत दोन्ही कामं थांबतात.

गोंधळ पुढे आहे. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालून लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि थांबतो. इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाल्यावरच ईसीयू त्याला पुन्हा चालू करतो. अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोल वाहत राहू नये, म्हणून ही सोय. म्हणजे सेन्सर मेला की पंपही गप्प बसतो. मिस्त्री सेल्फ मारून बघतो, पंप चालत नाही, प्लग काढला तर कोरडा ठणठणीत. निदान: पंप गेला. मग मागची सीट उचला, काही गाड्यांत टाकी खाली उतरवा, तासभर काम. तेवढ्या वेळात इंजिन गार, सेन्सर जिवंत, गाडी चालू. श्रेय नव्या पंपाला, बिल तुम्हाला. ताप उतरल्यावर पोराला डॉक्टरकडे नेऊन शेवटच्या गोळीचा गुण गावा, तसलाच हा प्रकार.

म्हणून तपासणी गाडी बिघडलेली असतानाच व्हायला हवी, आणि ती पाच मिनिटांत जागेवर होते. काचा वर, पंखा बंद, चावी फक्त ऑन. मागून बारीक घूं ऐकू येतो का? येत असेल तर पंपाला करंट मिळतोय, पंप फिरतोय. एकदाही आला नाही तर पंप, त्याचा रिले (पंपाला करंट जोडणारा स्विच), फ्यूज आणि अर्थिंग यांच्याकडे वळायचं. रिले महाग नसतो. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा असेल तर अदलाबदल करून बघता येतं. पंपाचे ब्रश झिजले असतील तर एकाने सेल्फ मारताना दुसऱ्याने टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलके ठोकले की तो कधी कधी जागा होतो. सेन्सरला असल्या ठोकाठोकीचं काही सोयरसुतक नाही.

आता सेल्फ मारत आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी धड असताना सेल्फवर काटा थोडा उचलत असेल आणि आज शून्यावर चिकटून असेल, तर सेन्सरवर संशय घ्या. सगळ्या गाड्यांत काटा हे दाखवत नाही. ईसीयूतली माहिती वाचणारा स्कॅनर लावून सेल्फ मारताना ‘आरपीएम ०’ दिसलं तर पुरावा जास्त भक्कम. क्रँक सेन्सरच्या दोषाचा कोड पी०३३५ किंवा पी०३३६ मिळाला तर उत्तमच, पण कोड नाही म्हणून सेन्सर सुटत नाही.

कोरड्या प्लगवर एकट्यावर निकाल देऊ नये, कारण इंजेक्टर बंद असला तरी प्लग कोरडाच राहतो. ओला, पेट्रोलचा वास मारणारा प्लग मात्र बोलका: पेट्रोल येतंय, करंट तपासा.

गाडी बंद कशी पडली तेही आठवा. पंप सहसा सूचना देऊन जातो: चढावर जीव कमी, धक्के, एक्सलरेटर दाबला की गुदमरणं. सेन्सर चावी फिरवल्यासारखा एका क्षणात इंजिन बंद करतो.

आपल्याकडे या दोघांना त्रास द्यायला हवामान तयारच असतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत चढ-उतार करून आलेली गाडी बंद करतो. पाणी फिरायचं थांबतं, पण इंजिनची उष्णता जात नाही. बॉनेटखालचं तापमान काही वेळ उलट वाढतं. बोट लागते, मागचे हॉर्न मारतात आणि सेल्फ नुसता फिरतो. असा ताप सेन्सरच्या आतल्या तारेला नडतो. पंपाला नडते ती कमी पेट्रोलची सवय, कारण टाकीतलं पेट्रोलच त्याला गार ठेवतं. खारा वारा दोघांचेही कनेक्टर हिरवे करतो, आणि पावसाळ्यात ऊब शोधत बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच.

चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह मीटरवर लुकलुकत असेल तर हे दोघेही निर्दोष असू शकतात. इमोबिलायझरला, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेला, चावी ओळखू येत नसेल. दुसरी चावी लावून बघा. आणि डिझेल गाडीला यातला प्लगचा भाग लागू नाही, सेन्सरचा लागू आहे.

सेन्सरच निघाला तरी लगेच नवा आणू नका. पी०३३५ हा कोड सेन्सरच्या सर्किटबद्दल असतो, त्यात वायर आणि कनेक्टरही आले. इंजिन चालू ठेवून, पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून, कनेक्टरजवळची वायर हलवा. गाडी आचका देऊन बंद पडली तर पिना साफ करून घट्ट करायच्या, कुरतडलेली वायर नीट जोडायची. सेन्सर त्यानंतर.