बशी उलटी करून बघा

गोव्यात, लोटलीतल्या एका जुन्या घरात शिसवी कपाटातली निळ्या नक्षीची चिनी मातीची, म्हणजे पोर्सलीनची, बशी हाताळायला मिळाली. मोबाईलची बॅटरी लावून ती उजेडासमोर धरली, तर मागची माझी बोटं सावलीसारखी दिसली. मातीच्या भांड्यातून उजेड कसा येतो?

हे भट्टीचं काम. केओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पार हे खनिज असलेल्या दगडाची पूड कालवून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली की दगडाचा अंश वितळून काच होतो आणि मातीच्या कणांमधल्या फटी बुजवतो, म्हणून उजेड आरपार येतो. त्या काचेत म्युलाइट या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात, त्यातून बळकटी येते. आपलं मडकं याहून कितीतरी कमी आचेवर भाजलेलं असतं, म्हणून ते पाझरतं आणि पाणी गार राहतं. मडकं घेताना आपण टिचकी मारतो ना, तीच परीक्षा बशीलाही चालते. धड असेल तर खणखणते, केसाएवढा तडा असला तरी बद्द वाजते.

पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली, चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला ते स्थिरावले १५५७ मध्ये. मग चीनचं रेशीम आणि चिनी माती मकावहून गोव्यात आणि इथून लिस्बनला जाऊ लागली. चांदरच्या ब्रागांझा घरात अशी भांडी आजही बघायला मिळतात. युरोपला ही कृती साधली थेट १७०८ च्या सुमारास, जर्मनीतल्या सॅक्सनीत. इंग्रजांनी पुढे मिश्रणात जवळजवळ निम्मी हाडांची राख घातली, तीच बोन चायना. कित्येक शाकाहारी घरांत ती अभिमानाने मांडलेली असते, असो!

आमच्या फोंड्याकडच्या घरात मात्र चिनी मातीला सोवळ्यात जागा नव्हती. आजीचं म्हणणं, माती ती माती, घासून शुद्ध होत नाही. खारातल्या तोरांची, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांची, चिनी मातीची बरणी तेवढी कशी चालायची, ते मी कधी विचारलं नाही. खरं तर चांगली भाजलेली पोर्सलीन पाणी जवळपास शोषतच नाही.

आजीने भ्यायला हवं होतं ते रंगाला. निळा रंग कोबाल्टचा. तो मोठी आच सोसतो, म्हणून आधी नक्षी, वरून झिलई, म्हणजे काचेसारखा थर, आणि मग भट्टी. रंग काचेखाली कायमचा बंद. गुलाबी, पिवळा, सोनेरी हे रंग तेवढी आच सोसत नाहीत. ते तयार झिलईवर काढून पुन्हा मंद आचेवर भाजतात. बोट फिरवलं तर नक्षी किंचित उठून हाताला लागते. जुन्या काळी अशा रंगांत शिसं असायचं आणि आंबटाने ते सुटतं. म्हणून असल्या जुन्या रंगीत वाडग्यात सोलकढी नको, व्हिनेगर घातलेलं काही तर नकोच.

आता बशी उलटी करा. बुडाच्या कड्याला झिलई नसते. असती तर ती वितळून बशी भट्टीच्या फळीलाच चिकटली असती. हे उघडं कडं काचकागदासारखं खरखरीत. बशीवर बशी रचली की वरचीचं बूड खालचीच्या चकचकीत तोंडावर ओरखडे काढतं. जुन्या बश्यांच्या मधोमध गोल पुसट रेघा दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशा.

लोटलीच्या बाईंनी माझ्या हातातून बशी घेतली, खालच्या बशीवर वर्तमानपत्राचा चौकोन पसरला आणि मगच ती वर ठेवून कपाटाला किल्ली लावली.