गर्द
गर्द : हेरॉइनची अशुद्ध, मातकट तपकिरी पूड. ‘ब्राउन शुगर’ व ‘स्मॅक’ ही याचीच नावे. फारसी ‘गर्द’ म्हणजे धूळ. बखरींतील ‘गर्दीस मिळवणे’ या प्रयोगात हाच शब्द आहे. ‘गर्द झाडी’तील विशेषणाशी अमली पदार्थाच्या नावाचा संबंध दिसत नाही. ‘गर्दुल्ला’ हा त्यावरून पडलेला हेटाळणीचा शब्द वृत्तपत्रे हल्ली कोणत्याही नशेबाजाला लावतात. वैद्यकीय लेखनात तो टाळलेला बरा.

अफूतील मॉर्फिनवर ॲसेटिक अनहायड्राइडची क्रिया करून हेरॉइन बनते. लंडनमध्ये ॲल्डर राइट यांनी ते 1874 मध्ये प्रथम तयार केले. 1898 मध्ये बायर कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले, म्हणजे या व्यसनाची एक वाट दवाखान्यातूनच निघाली. शुद्ध हेरॉइनचा पांढरा क्षार पाण्यात सहज विरघळतो, म्हणून टोचला जातो. गर्द हे बेस-स्वरूपातील (क्षार न बनवलेले) असून कमी उष्णतेला वितळते. सिगारेटच्या पाकिटातील पन्नीवर चिमूटभर पूड ठेवतात, खालून काडी धरतात आणि पन्नीवर ओघळणाऱ्या थेंबामागे नळी फिरवत धूर ओढतात. सुईची भीती नसल्याने शाळा-कॉलेजातली मुले या पद्धतीकडे लवकर वळली असावीत.

मुंबईत गर्द साधारणतः 1980 च्या आसपास पसरले. गोव्यातील हिप्पींकडे त्याचे मूळ शोधण्याची प्रथा आहे. पण त्यांचे वास्तव्य त्याआधीच्या दशकातले आणि त्यांचा मुख्य पदार्थ चरस. इराणमधील क्रांती व अफगाण युद्ध (दोन्ही 1979) यांमुळे तस्करीचे मार्ग पाकिस्तानातून मुंबईकडे वळले, हे मत अधिक पटते. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागातील परवान्याच्या अफूची गळती ही पुढची भर मानता येईल.

शेवटच्या पुडीनंतर 6 ते 12 तासांत ‘टर्की’ (नशा न मिळाल्याने होणारा त्रास) सुरू होते : जांभया, नाक-डोळे गळणे, अंगावर काटा, पायांत गोळे, जुलाब. दोन-तीन दिवस ती तीव्र असते व आठवड्याभरात बहुतांशी ओसरते. फॅमिली डॉक्टरला हे सर्दी-तापासारखे वाटून निदान चुकू शकते. नशेत असताना डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, टर्कीत ती विस्फारते. बॅटरीच्या उजेडात एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. घरच्यांना बाहेर बसवून मुलाला विचारणेही तितकेच आवश्यक. डॉक्टरांनी सैल हाताने लिहिलेल्या वेदनाशामकांतूनही अफूवर्गीय व्यसन लागते. ट्रॅमाडॉल हे असेच वेदनाशामक 2018 मध्ये अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत आणले गेले. उपचारात ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन व नाल्ट्रेक्सोन वापरतात. नुसती टर्की उतरवून घरी पाठवणे धोक्याचे, कारण शरीराची नशेची सहनशक्ती घटलेली असताना पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. अशा वेळी नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध प्राण वाचवते.

वांद्र्यात फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्ती संस्था सुरू केली. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र स्थापले. अनिल अवचटांची गर्दवरील लेखमाला वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. औषधांइतकाच समूहाचा व कुटुंबाचा वापर हे मुक्तांगणचे वैशिष्ट्य.

1985 च्या अमली पदार्थ कायद्यात हेरॉइनची ‘अल्प मात्रा’ 5 ग्रॅमपर्यंत धरतात. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कलम 64अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार 10 ते 75 वयोगटात अफूवर्गीय पदार्थ घेणारे 2.06 टक्के होते व त्यांत हेरॉइन घेणारे सर्वाधिक. (पहा : अफू, मॉर्फिन, व्यसन.)