दर फेरीला किती अंक?

हाताशी सायंटिफिक कॅल्क्युलेटर असेल तर तो रेडियनवर लावा, १ हा आकडा टाका आणि कोसाइनचे बटण दाबत राहा. ०.५४०३, ०.८५७६, ०.६५४३, ०.७९३५, ०.७०१४... आकडा एकदा खाली, एकदा वर असा झोके घेत राहतो आणि झोका हळूहळू लहान होत जातो. बोट दुखेपर्यंत दाबत राहिलात तर शेवटी ०.७३९०८५१३३ वर तो थबकतो. ज्या संख्येचा कोसाइन ती स्वतःच असते, ती ही संख्या. एक समीकरण सुटले, आणि त्यासाठी बीजगणिताची एकही ओळ लिहावी लागली नाही.

फक्त बटण किती वेळा दाबावे लागले? नऊ अंक बरोबर यायला पन्नासएक वेळा. याच समीकरणाला न्यूटनची रीत (ती काय ते पुढे येईलच) लावली तर १ पासून निघून ०.७५०३६, मग ०.७३९११३ आणि तिसऱ्याच फेरीला ०.७३९०८५१३३. उत्तर तेच, सुरुवातही तीच, पण एकीकडे पन्नास फेऱ्या आणि दुसरीकडे तीन.

बहुतेक समीकरणे सूत्राने सुटत नाहीत. चौथ्या घाताच्या पुढे सर्वसाधारण सूत्रच नाही, आणि कोसाइन किंवा घातांकी फले (फंक्शन) आली की तर विषयच संपला. मग उरतो एकच मार्ग: अंदाज करायचा, तो सुधारायचा, सुधारलेला पुन्हा सुधारायचा. अशा रीती अनेक आहेत. त्यातली कोणती किती लवकर उत्तराजवळ पोचते, याला अभिसरणाचा वेग म्हणतात. हा वेग मोजायचे सोपे माप म्हणजे दर फेरीला किती नवे अंक बरोबर येतात, हे पाहणे.

कोसाइनच्या खेळात दर फेरीला चूक आधीच्या साधारण ०.६७ पट उरते. हा ०.६७ कुठून आला? उत्तरापाशी कोसाइनच्या आलेखाचा चढ-उतार तेवढाच आहे, तिथूनच. चूक दहा पटीने घटायला, म्हणजे एक नवा अंक मिळायला, अशा जवळजवळ सहा फेऱ्या लागतात. शंभरावा अंकही सहाच फेऱ्यांनी मिळतो, पहिलाही सहाच. याला रेषीय अभिसरण म्हणतात: अंकांची रोजंदारी, ना बढती ना बोनस.

पण रोजंदारी-रोजंदारीतही फरक असतो. ग्रह कक्षेत कुठे आहे हे काढायला केप्लरचे एक समीकरण लागते, आणि तेही असेच घोळवून सोडवता येते. तिथे चूक घटण्याचा गुणक कक्षेच्या विकेंद्रतेपेक्षा, म्हणजे कक्षा किती लांबट आहे त्या मापापेक्षा, मोठा होत नाही. पृथ्वीची विकेंद्रता ०.०१६७, म्हणजे कक्षा जवळपास गोल, त्यामुळे दर फेरीला पावणेदोन अंक तरी पदरात पडतातच. हॅलेच्या धूमकेतूची विकेंद्रता ०.९६७. तो सूर्याजवळून वळसा घेत असताना गुणक ०.९६ च्या आसपास जातो आणि एकेका अंकासाठी पन्नासाहून जास्त फेऱ्या घालाव्या लागतात. समीकरण तेच, रीतही तीच, फक्त कक्षा लांबट झाली.

दुभाजन पद्धतीबद्दल फार सांगण्यासारखे नाही, आणि तोच तिचा मोठेपणा आहे. एका टोकाला फलाची किंमत ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन असेल, आणि आलेख मध्ये कुठे तुटलेला नसेल, तर मूळ, म्हणजे फल जिथे शून्य होते ती संख्या, मध्येच कुठेतरी असणार. मधला बिंदू तपासायचा, कोणत्या अर्ध्यात मूळ आहे ते ठरवायचे, दुसरा अर्धा टाकून द्यायचा. दहा फेऱ्यांत शोधाची जागा १०२४ पट लहान होते, म्हणजे दहा फेऱ्यांना तीन अंक. फल कसेही वाकडेतिकडे असो, हा वेग बदलत नाही.

आता २ चे वर्गमूळ काढू. एक अंदाज घ्या, २ ला त्याने भागा, आणि अंदाज व भागाकार यांची सरासरी घ्या. ती सरासरी हा पुढचा अंदाज. १ पासून सुरुवात केली की असे होते:

१.५
१.४१६६...
१.४१४२१५६...
१.४१४२१३५६२३७४...
१.४१४२१३५६२३७३०९५०४८८०१६८९...

पाचव्या ओळीतली चूक चोविसाव्या दशांश स्थळावर आहे. सहावी फेरी घातली तर ती एकोणपन्नासाव्या स्थळावर जाते. दुभाजनाने १ ते २ या अंतरातून चोवीस अंक मिळवायचे तर ऐंशी फेऱ्या लागल्या असत्या.

तिसऱ्या ओळीतली संख्या अपूर्णांकात लिहिली तर ५७७/४०८ होते. बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी जे माप दिले आहे (एक, त्यात एक तृतीयांश, त्यात त्याचा चौथा भाग, आणि त्यातून त्याचा चौतिसावा भाग वजा), त्याची बेरीज करून पाहा. नेमके ५७७/४०८ च येतात.

इतका वेग येतो कुठून? १.५ हा अंदाज खऱ्या उत्तरापेक्षा ०.०८५८ ने मोठा आहे. २ ला १.५ ने भागले की येतात १.३३३, आणि ते उत्तरापेक्षा ०.०८०९ ने लहान. एक चूक या बाजूला, जवळजवळ तेवढीच त्या बाजूला. सरासरी घेतली की दोन्ही एकमेकींना खातात, आणि उरते ती फक्त त्यांच्यातल्या फरकाची निम्मी, ०.००२४५. ही उरलेली चूक आधीच्या चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चूक हजारांश असेल तर तिचा वर्ग दशलक्षांश, आणि त्याचा वर्ग एक लाख कोटींमधला एक अंश. म्हणून इथे बरोबर अंक दर फेरीला दुप्पट होतात. हे वर्गीय अभिसरण. न्यूटनची सर्वसाधारण रीत हेच काम स्पर्शिकेने करते: आलेखाला स्पर्शिका काढायची, ती आडव्या अक्षाला जिथे छेदते तो नवा अंदाज. वर्गमूळाला ती लावली की वरची सरासरीच हाती येते.

पाठ्यपुस्तके सहसा इथे थांबतात आणि वाचणाऱ्याचा समज होतो की न्यूटनची रीत म्हणजे पहिल्यापासूनच सुसाट. तसे नसते. त्याच वर्गमूळासाठी १ ऐवजी दहा लाखांपासून सुरुवात करा. २ ला दहा लाखांनी भागले तर जवळजवळ शून्य येते, म्हणून सरासरी पाच लाख. मग अडीच लाख. मग सव्वा लाख. रीत नुसती अर्धे करत बसते, अगदी दुभाजनासारखी. विसाव्या फेरीला अंदाज १.५७ च्या आसपास येतो आणि मग मात्र चार फेऱ्यांत वीस अंक बरोबर येतात. एकूण चोवीस फेऱ्यांपैकी वीस वेशीपर्यंत पोचण्यात गेल्या. चूक एकापेक्षा लहान असेल तरच तिचा वर्ग तिच्याहून लहान असतो, मोठ्या चुकीचा वर्ग तर तिच्याहून मोठाच. ‘वर्गीय’ हे वचन शेवटच्या टप्प्यापुरते आहे, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच.

म्हणून व्यवहारात खरी हुशारी पहिल्या अंदाजात असते. भागाकार करायला काही प्रोसेसर न्यूटनचीच रीत वापरतात. एका लहानशा तक्त्यातून आठ बिट बरोबर असलेला अंदाज उचलला की पुढे सोळा, बत्तीस, चौसष्ट, तीन फेऱ्यांत काम संपते. क्वेक-३ या १९९९ सालच्या संगणकीय खेळाच्या प्रोग्रॅममधला एक तुकडा तर दंतकथाच होऊन बसला आहे. वर्गमूळाचा व्यस्त काढण्यासाठी तो संख्येचे बिट एक घर सरकवतो आणि एका चमत्कारिक स्थिरांकातून वजा करतो. एवढ्यावरच अंदाज साडेतीन टक्क्यांच्या आत येतो. त्यावर न्यूटनची एकच फेरी, की चूक ०.२ टक्क्यांच्याही खाली. पडद्यावर प्रकाश-सावली दाखवायला एवढे पुरते, म्हणून दुसरी फेरी घालतच नाहीत.

आता किमतीकडे वळू. न्यूटनच्या दर फेरीला फलाची किंमत काढावी लागते आणि विकलजाचीही (आलेखाच्या चढ-उताराची), म्हणजे कामे दोन. विकलज टाळायचा तर स्पर्शिकेऐवजी शेवटचे दोन बिंदू जोडणारी छेदिका काढायची. तिने २ चे वर्गमूळ १ आणि २ पासून काढले तर क्रमाने ४/३, ७/५, ५८/४१, ८१६/५७७ येतात. प्रत्येक चुकीत दशांश चिन्हानंतर किती शून्ये आहेत ते मोजा: १, १, ३, ५, आणि पुढे ९, १५. दर वेळी मागच्या दोहोंची बेरीज आणि वर एक. कारण छेदिकेत नवी चूक मागच्या दोन चुकांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, आणि गुणाकारात शून्यांची बेरीज होते. मागच्या दोहोंची बेरीज म्हटले की फिबोनाची आठवतो (आणि छंदशास्त्रात त्याच्याही आधी हीच बेरीज मांडणारा हेमचंद्र), आणि त्यामागोमाग सुवर्ण गुणोत्तर. बरोबर अंक दर फेरीला जितक्या पट होतात, त्याला रीतीचा घात म्हणतात. न्यूटनचा घात २, आणि छेदिका पद्धतीचा खरोखर सुवर्ण गुणोत्तराइतका, १.६१८ आहे.

१.६१८ म्हणजे २ पेक्षा कमीच. पण छेदिकेच्या फेरीला फलाची एकच नवी किंमत लागते. विकलज काढायला फलाइतकाच खर्च येत असेल, तर न्यूटनच्या एका फेरीच्या खर्चात छेदिकेच्या दोन फेऱ्या होतात, आणि दोन फेऱ्यांत अंक १.६१८ च्या वर्गाने, म्हणजे २.६१८ पट वाढतात. फेऱ्या मोजल्या तर न्यूटन पुढे, मेहनत मोजली तर छेदिका.

उलट बाजूने, घात वाढवणे तितकेसे कठीण नाही. हॅलेने, त्याच धूमकेतूवाल्या हॅलेने, १६९४ मध्ये तिसऱ्या घाताची रीत दिली. त्यात अंक तिप्पट होतात, पण दुसरा विकलजही लागतो. न्यूटनच्या दोन फेऱ्या एका सूत्रात बांधल्या तर कागदावर चौथ्या घाताची रीत तयार होते. बख्शाली या जुन्या भारतीय गणिती हस्तलिखितातले वर्गमूळाचे सूत्र नेमके असेच आहे: त्याची एक पायरी म्हणजे वरच्या सरासरीच्या दोन. वेग वाढला असे वाटते, पण वाढलेली असते ती फक्त एका फेरीची लांबी.

काही ठिकाणी न्यूटनचे गाडे रुतते. दुहेरी मूळ असेल, म्हणजे आलेख अक्षाला छेदून न जाता नुसता टेकून परतत असेल, तर तिथे विकलजही शून्याकडे जातो, दोन चुका एकमेकींना खाणे थांबते आणि चूक दर फेरीला फक्त निम्मी होते. वर आणखी एक दुखणे: सोळा अंकांचे गणित करणाऱ्या संगणकाला अशा मुळाचे साधारण आठच अंक भरवशाने मिळतात, फेऱ्या कितीही घाला. कधीकधी तर रीत कुठेच पोचत नाही. क्ष³ − २क्ष + २ = ० हे समीकरण ० पासून सुरू करा. पुढचा अंदाज १. त्याच्या पुढचा ०. मग १. जन्मभर.

म्हणून तयार सॉफ्टवेअरमध्ये एकट्या न्यूटनवर सहसा विसंबत नाहीत. मॅटलॅब असो की सायपाय, तिथे एका चलाच्या समीकरणासाठी रिचर्ड ब्रेंट यांनी १९७३ मध्ये मांडलेली मिश्र रीत असते. ती छेदिकेसारखी उडी मारून पाहते, उडी नीट पडली नाही तर निमूटपणे दुभाजन करते, आणि मूळ दोन टोकांच्या मधून कधीच सुटू देत नाही.

अभिसरणाच्या वेगाचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग मात्र वेगासाठी नव्हताच. क्ष³ − २क्ष − ५ = ० हे समीकरण न्यूटनने १६६९ मध्ये आपल्या रीतीच्या उदाहरणासाठी घेतले होते. मी ते संगणकावर करून पाहत होतो. २ पासून सुरुवात केली की २.१, मग २.०९४५७ आणि चौथ्या फेरीला दहा अंक बरोबर, असे व्हायला हवे. माझा प्रोग्रॅम २.०८३३, २.०९२९, २.०९४३ असा रखडत गेला आणि बाराव्या फेरीला २.०९४५५१४८१५ वर थांबला. उत्तर अगदी बरोबर होते. नुसते उत्तर पाहिले असते तर काही खटकले नसते. पण लागोपाठच्या चुकांचे गुणोत्तर काढले तर ते दर वेळी ०.१५ च्या आसपास येत होते, आणि न्यूटनच्या रीतीत ते असे एका जागी टिकता कामा नये. प्रोग्रॅम पुन्हा ओळीओळीने वाचला. विकलज ३क्ष² − २ लिहायचा, तो मी नुसता ३क्ष² लिहिला होता.