बॅटरीची दुचाकी घेताय? कागद कुठे अडतात ते आधी वाचा

शोरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "कागदपत्रांचं टेन्शन घेऊ नका, सगळं आम्ही करतो." आणि ते करतातही. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०, विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा फॉर्म २२, विमा, हे सगळं शोरूममधूनच ऑनलाइन चढतं. नवीन, कंपनीत पूर्ण तयार झालेली गाडी आता तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही. तुम्ही आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो द्यायचा आणि सह्या करायच्या. एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी साताऱ्यात एक छोटं सेवा केंद्र चालवतो. माझ्या टेबलाशी येणारी माणसं शोरूमच्या हातात नसलेल्या गोष्टींवर अडलेली असतात, आणि बहुतेकांना ते पैसे भरल्यानंतर कळतं.

"पासिंग लागत नाही" ही गाडी नेमकी कोणती

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बॅटरीची प्रत्येक दुचाकी पासिंगमधून, म्हणजे आरटीओच्या नोंदणीतून, सुटलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २(यू) फक्त एका छोट्या गटाला सूट देतो. मोटरची ताकद २५० वॉटच्या आत हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. यातली एक अट पाळली नि दुसरी मोडली, तर सूट गेली. या अटी पाळल्या आहेत हे सांगायचा अधिकार विक्रेत्याला नाही. त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असावं लागतं. बहुतेकांकडे नसतो तो कागद हाच. नंबर नसलेल्या गाडीला हा कागदच आधार, आणि गाडी घेताना तो मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. मुलगी अकरावीत, क्लासला जायला तिला गाडी घेतली होती. वाहतूक पोलिसांनी अडवली, नंबर कुठाय म्हणून विचारलं. गृहस्थांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली. "हे बघा, सर्टिफिकेट आहे की." होतं खरं, पण त्यावरचं मॉडेलचं नाव वेगळं आणि गाडीवरच्या स्टिकरवरचं वेगळं. शेजारच्या गॅरेजमधल्या पोराला बोलावलं. त्यानं हेडलाइटची खोळ उतरवली, वायरींच्या गुंत्यात बोट घातलं आणि एक पांढरी वायर बाहेर ओढून दाखवली. वेगाला लगाम घालणारा जोड सुटा करून त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. मग त्यानं पोस्टापर्यंत एक फेरी मारली. आल्यावर म्हणाला, "बेचाळीस गेली, काका."

म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ती साधी मोटारसायकल झाली: नोंदणी नाही, विमा नाही, चालवणारीकडे लायसन्स नाही. गाडीत असा बदल केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जोड शोरूमनं सोडला की गॅरेजवाल्यानं, हे सिद्ध करत बसायचं मालकानंच. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागानं अशा गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती.

"मग आता पासिंग करून टाकू की," असं ते म्हणाले. होत नाही. वेगाच्या गाडीला कंपनीनं त्या वर्गाची मान्यता घेऊन फॉर्म २२ द्यावा लागतो. सूट असलेल्या गटातली म्हणून विकलेल्या गाडीचा तो कागद मागून कोण देणार?

म्हणून पैसे देण्याआधी चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागा, त्यावरचं मॉडेलचं नाव गाडीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि एकदा चालवून काटा बघा. प्रमाणपत्र "नंतर पाठवतो" म्हणाले तर तुम्हीही पैसे नंतर द्या.

आणि मुलांबद्दल एक. ज्याच्याकडे लायसन्स नाही अशा अल्पवयीन मुलाच्या हातात नंबर असलेली गाडी दिली, तर कलम १९९ए पालकाला किंवा मालकाला धरतं: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. "बॅटरीची आहे, सायकलच ती," हा युक्तिवाद कोणी ऐकत नाही.

नाव, पत्ता आणि न येणारा ओटीपी

आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर सगळं तिथेच थांबतं. जुनं सिम बंद पडलेलं असतं, नंबर भावाचा असतो, किंवा गावाकडे कॅम्पमध्ये कोणीतरी स्वतःचाच टाकलेला असतो.  हे आधार केंद्रावर स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन दुरुस्त करून घेता येतं. बुकिंग करायच्या आधी हे उरकून घ्या. दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी हवी आणि आदल्या दिवशी ओटीपी कुठे जातोय तेच माहीत नाही, असं दरवर्षी होतं.

दुसरं नावाचं. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. रोजच्या व्यवहारात आपल्याला याचं काही वाटत नाही, पण कर्जवाला पॅन बघतो, नोंदणी आणि अनुदान आधार बघतं, आणि विम्यात एजंटानं ऐकलं तसं टाइप केलेलं असतं. पुढे क्लेमच्या वेळी आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव वेगळं निघालं की मग पळापळ. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र लावून पॅन आणि आधार आधी एक करा. ज्या ताईंना हे सांगतो त्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "एवढ्यासाठी?" होय, एवढ्यासाठीच.

पत्ता. आधार माण तालुक्यातला, खोली पुण्यात हडपसरला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवता येते, पण आरसीवर जो पत्ता हवा त्याचा पुरावा लागतोच. घरमालकाचं लाइट बिल एकटं चालत नाही. त्याला नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवर सह्या केलेला करार घेऊन येऊ नका, परत जाल. त्यापेक्षा सरळ गावच्या पत्त्यावर नोंदवा. गाडी महाराष्ट्रात कुठेही फिरते. मात्र या सोयीची किंमत शेवटी मोजावी लागते, ती पुढे सांगतो.

अनुदान खात्यात येत नाही

"माझी सबसिडी अजून जमा झाली नाही," हे मी इतक्यांदा ऐकलंय की काउंटरवर पाटी लावायचा विचार आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत (दुचाकीसाठी ती अजून चालू आहे ना, ते आधी विचारून घ्या) पैसे ग्राहकाच्या खात्यात येतच नाहीत. शोरूम किमतीतून तेवढी रक्कम वजा करून बिल करतं आणि कंपनी ती सरकारकडून मागते. तुमचा पुरावा म्हणजे बिलावरची वजावटीची ओळ आणि ई-व्हाउचर. व्हाउचर तुमच्या आधार पडताळणीनं निघतं, त्यावर तुमची नि विक्रेत्याची सही होते. ज्याच्या नावावर गाडी, तो माणूस स्वतः समोर हवा. मुलानं आईच्या नावावर बुकिंग केलं आणि आई पंढरपूरला गेलेली, तर थांबा. व्हाउचरची प्रत मागून घ्या.

रक्कमही लोक चुकीची धरून बसतात. १ ऑक्टोबर २०२४ ला योजना सुरू झाली तेव्हा बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला ५,००० रुपये, जास्तीत जास्त १०,००० होते. १ एप्रिल २०२५ पासून ते २,५०० आणि ५,००० झालं. शेजाऱ्यानं डिसेंबरात घेतलेल्या गाडीचं बिल दाखवून शोरूमशी भांडणारे लोक मी पाहिलेत. चूक शोरूमची नव्हती, तारखेची होती.

एक धोक्याची सूचना: "सबसिडी जमा करायची आहे, लिंक उघडा" असा फोन आला तर ठेवून द्या. वर सांगितलं तसं, जमा करायला काही नसतंच.

अशीच दुसरी फसवी तारीख आयकराची. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारं कलम ८०ईईबी अजूनही जाहिरातींत फिरतंय. ते फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना लागू आहे. आज कर्ज काढलं तर नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो.

नोंदणी शुल्काची माफी मात्र खरी आहे. २ ऑगस्ट २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं बॅटरीच्या गाड्यांना ती दिली. त्यामुळे कोटेशनमध्ये "आरटीओ चार्जेस" अशी गोल रक्कम दिसली, तर त्यात नेमकं काय आहे ते फोडून लिहून मागा. "हँडलिंग" हा कुठला सरकारी आकार नव्हे. टोलमाफीचं ऐकून खूश होऊ नका. ज्या द्रुतगती मार्गांची नावं त्यात येतात त्यांवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही.

विम्याचं एका ओळीत: नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा, आणि इथे सीसी नसून मोटरचे किलोवॉट बघतात, तेव्हा पॉलिसीवर किलोवॉटचा आकडा बरोबर पडलाय ना ते तपासा.

पार्किंगमधला प्लग

गाडी आली, नंबर लागला, आणि तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडलेली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. मग कमिटीची नोटीस.

इथे अर्जाची भाषा सगळं ठरवते. "चार्जिंग पॉइंटला परवानगी मिळावी" असं लिहिलं की चेअरमनच्या डोळ्यांसमोर पेट्रोल पंप उभा राहतो. त्याऐवजी असं लिहा: माझ्या सदनिकेच्या मीटरवरून, माझ्या पार्किंगमध्ये, १६ अँपियरचा एक सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) आणि अर्थिंगसह, परवानाधारक वायरमनकडून, माझ्या खर्चानं. चार्जरवर छापलेले वॉट अर्जात टाका. बऱ्याच स्कूटरचे घरगुती चार्जर एक किलोवॉटच्या आत असतात, आणि बाथरूममधला गिझर साधारण दोन किलोवॉटचा. गिझरसाठी कमिटीची परवानगी कोणी घेतली होती का, हे अर्जात लिहू नका, पण बैठकीत विचारायला हरकत नाही.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अर्ज म्हणजे अर्ज नव्हे. उद्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जायची वेळ आली तर ते पहिल्यांदा पोच विचारतील. भाडेकरू असाल तर अर्ज घरमालकाच्या सहीनं जाऊ दे.

लाइट बिलावरचा मंजूर भारही बघून घ्या. तो कमी असेल तर आधी वाढवून घ्या. गाडीसाठी वेगळी जोडणी हवी असेल तर वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनं तशी मागायचा अधिकार दिलाय. नव्या जोडणीची मुदतही ठरलेली आहे: महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७, ग्रामीण भागात १५, डोंगराळ भागात ३०. दिवस परिपूर्ण अर्जापासून मोजतात. एक कागद कमी असला की मोजणी सुरूच होत नाही, आणि ते तुम्हाला कोणी आपण होऊन कळवत नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन अर्जाची स्थिती विचारा.

आरसी आणि पोस्टमन

हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेली नंबर प्लेट शोरूममध्येच बसते. आरसीचं कार्ड मात्र स्पीड पोस्टानं, नोंदवलेल्या पत्त्यावर येतं. गावच्या पत्त्याची मघाशी म्हटलेली किंमत ती ही. गाडी हडपसरला, कार्ड माणला, घराला कुलूप, आणि पाकीट उलट टपालानं परत. मग ते सोडवायला कार्यालयात खेपा. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवरची आरसी दाखवा, ती कायद्यानं चालते. पण गावच्या पोस्टमनला आधीच एक फोन करून ठेवा, आणि पाकीट शेजारच्या काकूंकडे द्यायला सांगायचं असेल तर काकूंनाही सांगा. नाहीतर सरकारी टपाल बघून त्या घाबरतात आणि घ्यायचं नाकारतात.