पार्श्वभूमी : ‘डिटेनर’ ही विनंती की हुकूम?

अमेरिकेत कोणत्या परदेशी माणसाला राहू द्यायचे हे फेडरल (केंद्र) सरकार ठरवते. पण त्या माणसाला रस्त्यात अडवणारा आणि कोठडीत टाकणारा पोलीस बहुतेक वेळा शहराचा किंवा काउंटीचा (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचा) असतो. सुटणाऱ्या आरोपीला आणखी ताब्यात ठेवा, असे केंद्राने या स्थानिक यंत्रणेला सांगणारे पत्र म्हणजे ‘डिटेनर’. एकोणिसाव्या शतकात बंदरे असलेली राज्ये जहाजांतून उतरणाऱ्यांवर कर लावत आणि त्यांच्यासाठी हमीपत्रे मागत. सर्वोच्च न्यायालयाच्या १८४९ आणि १८७६ च्या निकालांनी ती वहिवाट मोडली, आणि १८९१ च्या कायद्याने प्रवेशाचा कारभार केंद्राकडे गेला.

आजच्या वादाची चर्चा सहसा बेकायदा स्थलांतरितांवर राज्याच्या पोलिसांकरवी कारवाई करू पाहणाऱ्या ॲरिझोना राज्याच्या २०१० च्या कायद्यापासून सुरू होते. त्यातील वादग्रस्त चार कलमांपैकी तीन सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली आणि कायदेशीररीत्या थांबवलेल्या माणसाबद्दल वाजवी संशय असल्यास त्याच्या स्थलांतरविषयक दर्जाची चौकशी करणे पोलिसांवर बंधनकारक करणारे कलम तूर्त राहू दिले. त्याच निकालातील एक वाक्य अधिक दूरगामी ठरले : विनापरवाना सीमा ओलांडणे गुन्हा असला, तरी हद्दपारीस पात्र व्यक्तीचे केवळ देशात असणे हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. मग अशा माणसाला स्थानिक पोलिसाने कोणत्या अधिकाराने डांबून ठेवायचे?

खरा गुंता येथे आहे, आणि त्याचे नाव ‘डिटेनर’. एखाद्या किरकोळ प्रकरणात पकडलेल्या आरोपीची सुटका होणार असते, तेव्हा फेडरल स्थलांतर अधिकारी तुरुंगाला छापील पत्र पाठवून त्याला आणखी काही काळ ताब्यात ठेवायला सांगतात. नियमानुसार ही मुदत ४८ तासांची असून तीत शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरल्या जात नाहीत. नियमाची भाषा आज्ञार्थी असल्याने अनेक तुरुंगांनी ती वर्षानुवर्षे हुकूम म्हणूनच वाचली. पेनसिल्व्हेनियात जामीन भरूनही एका अमेरिकी नागरिकाला अशाच पत्रावरून अडकवून ठेवले गेले, तेव्हा २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ही विनंतीच आहे, असे स्पष्ट केले. पुढच्याच महिन्यात ओरेगनमधील फेडरल न्यायालयाने केवळ अशा पत्रावरून एका महिलेला अडकवून ठेवल्याबद्दल काउंटीला चौथ्या घटनादुरुस्तीच्या (गैरवाजवी अटक व झडतीपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीच्या) भंगासाठी जबाबदार धरले. विनंती करणारा सुटला आणि ती मानणारा अडकला. त्यानंतर अनेक शेरीफांनी (काउंटीच्या पोलीसप्रमुखांनी) हात आखडता घेतला, यात नवल नव्हते. २०१७ पासून पत्रासोबत वॉरंट जोडले जाऊ लागले, परंतु त्यावर सही न्यायाधीशाची नसून स्थलांतर अधिकाऱ्याचीच असते.

सहकार्य नाकारणारी शहरे ज्या तत्त्वाचा आधार घेतात, ते स्थलांतराच्या खटल्यांतून आलेले नाही. बंदूक घेणाऱ्याची पूर्वचौकशी केंद्राला स्थानिक शेरीफांवर लादता येणार नाही, असे १९९७ मध्ये ठरले ते बंदुकांवरील निर्बंधांविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने. त्याच्याही आधी, १८४२ मध्ये, पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या केंद्रीय कायद्यासाठी राज्यांनी आपली यंत्रणा वापरू देण्याचे बंधन नाही, असा सूर न्यायालयाने लावला होता. परकीयांविषयीचा केंद्रीय कायदा राज्यांचे पोलीसच राबवतात, हे गृहीत धरणाऱ्या भारतीय वाचकाला ही मांडणी चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने तशी सोय केली, पण ती करार करून, प्रशिक्षण घेऊन आणि राज्याची किंवा स्थानिक यंत्रणेची तयारी असेल तरच.

केंद्र राज्याला राबवू शकत नसले, तरी राज्य आपल्या काउंटीला राबवू शकते. टेक्सासने २०१७ मध्ये डिटेनर पाळणे बंधनकारक केले, न पाळणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी दंड आणि पदच्युतीची तरतूद केली, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्या कायद्याचा बहुतांश भाग उचलून धरला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१७ मध्येच, केवळ अशा पत्रावरून कोणाला अटकेत ठेवण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने अधिकाऱ्यांना दिलेलाच नाही, असा निर्णय दिला होता.