मातीतली सळई आणि पडद्यावरची माती

माणसाएवढा पुतळा मातीत घडवायचा, तर आधी लोखंडी सळई उभी करावी लागते. सळईला तार गुंडाळायची, तारेला लाकडाच्या लहान फुल्या टांगायच्या, मगच माती थापायची. नाहीतर माती आपल्याच वजनाने खाली बसते. संगणकाच्या पडद्यावर शिल्प घडवताना वापरायच्या आभासी मातीला वजन नाही. त्यामुळे सळई गेली आणि तिच्यासोबत ‘आधी सांगाडा’ ही शिस्तही गेली. सातारा-सांगलीत आज पेन-टॅब्लेट घेऊन शरीररचना शिकणाऱ्यांच्या कामातल्या बऱ्याच चुकांचं मूळ इथे आहे.

ही शिस्त जुनी. १५४३ साली व्हेसेलियस या शरीररचनातज्ज्ञाचा ग्रंथ स्वित्झर्लंडमधल्या बासलला छापला गेला. त्यात स्नायूंचा एकेक थर उतरवत हाडांपर्यंत जाणाऱ्या चित्रांची मालिका आहे. १७६७ मध्ये उदाँ या फ्रेंच शिल्पकाराने रोममध्ये कातडी सोललेला माणूस घडवला आणि त्याच्या प्लास्टरच्या प्रती कलाशाळांत पोहोचल्या. आपल्याकडे १८३६ मध्ये मधुसूदन गुप्त यांनी कलकत्त्यात शवविच्छेदन केलं. १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी मिळण्याची सोय झाली आणि १९६२ मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. पण विच्छेदनाचं टेबल डॉक्टर होणाऱ्यांसाठी. चित्रकला-शिल्पकला शिकणाऱ्याला प्लास्टर आणि छापील तक्ते यांवरच भागवावं लागे. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये खुलं केलेलं संग्रहालय त्या दृष्टीने आपल्या भागाचं भाग्यच. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प चारही बाजूंनी बघायला खटाव तालुक्यातल्या या संग्रहालयात जाता येतं, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं.

१९९४ मध्ये अमेरिकेत ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पाने एका पुरुषदेहाचे एकेक मिलिमीटरचे १,८७१ छेद संगणकात आणले. १९९९ मध्ये झीब्रश हे संगणकावर शिल्प घडवण्याचं सॉफ्टवेअर आलं. त्यातलं खरं त्रिमितीय शिल्पकाम २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासूनचं. ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००७ ला आली आणि तीही फुकट. २०१९ मध्ये त्यात व्हॉक्सेल रीमेश आलं, म्हणजे आकृतीचा पृष्ठभाग ज्या चौकोनांनी बनतो ती ताणून विस्कटलेली जाळी, व्हॉक्सेल नावाच्या छोट्या घन ठोकळ्यांच्या मापाने पुन्हा एकसारखी करण्याची सोय.

गडबड या सोयींतच होते. जाळी बारीक करायच्या प्रत्येक विभागणीत चौकोन चौपट होतात: २,००० चौकोनांचा गोळा चारदा विभागला की ५ लाख १२ हजार. एवढ्या दाट जाळीवर छातीचा अख्खा पिंजरा मागे झुकवायला गेलं की पृष्ठभागावर नुसत्या गुठळ्या उठतात. म्हणून सुरुवात तीन वेगळ्या गोळ्यांनी करावी: डोकं, छातीचा पिंजरा, कटी. उंची साडेसात डोकी धरावी. उभ्या माणसाचा मध्य बेंबीवर नसतो, जांघेच्या हाडाशी (ओटीपोटाच्या तळाशी पुढे लागणारं हाड, प्युबिस) असतो. पिंजरा वरून किंचित मागे, कटी पुढे झुकलेली. बाजूने पाहताना कंबरेची पुढची दोन टोकं आणि जांघेचं हाड साधारण एका उभ्या रेषेत यायला हवीत. हे तीन गोळे चुकले तर पुढे कितीही स्नायू चढवा, माणूस लाकडीच दिसतो.

ब्लेंडरमध्ये पावणेदोन मीटरच्या आकृतीला सुरुवातीला २ ते ३ सेंटिमीटरचा व्हॉक्सेल पुरतो. त्या मापात बोटं टिकत नाहीत, एकमेकांना चिकटतात. तोवर हाताचा पंजा थापीसारखा ठेवावा. बोटं व्हॉक्सेल ४ मिलिमीटरवर आणल्यावर काढावीत. आकृती लहान-मोठी करून स्केल पक्कं (अप्लाय) केलं नसेल, तर व्हॉक्सेलचा आकडाच खोटा ठरतो.

हाडं कळली की स्नायू आपोआप जागा घेतात, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते हाताच्या कोपर ते मनगट या भागात. तळवा पुढे असताना अंगठ्याकडचं हाड रेडियस आणि करंगळीकडचं हाड अल्ना समांतर; तळवा मागे वळवला की रेडियस अल्नाला ओलांडते आणि वरचे स्नायू पिळले जातात. नवशिक्या फक्त मनगट फिरवतो आणि हात रबरी होतो. तसंच पायाचं. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर, पण पोटरीचा आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा खाली. आरशासारखी दोन्ही बाजूंनी काम करणारी सोय शेवटपर्यंत चालू ठेवली की एका पायावर भार देऊन उभं राहणं कधीच जमत नाही. चेहरा घडवताना दृश्याची भिंग-लांबी (फोकल लेंथ) ५० ऐवजी ८५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, नाहीतर नाक उगीच मोठं वाटतं आणि मग ते उगीच कापलं जातं.

संदर्भासाठी मात्र कराडपासून कुंडलपर्यंतचा पट्टा श्रीमंत आहे. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरच्या आसपास आजही तालमी आहेत, आणि हात वर केलेल्या पैलवानाच्या बरगडीवर दातेरी स्नायूची बोटं उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. फक्त कान तिथून उचलू नये. कुस्तीत मोडलेला कान सामान्य माणसाच्या डोक्याला लावला की सगळा चेहरा फसतो.