शंभर कॅन्सर सापडले, फायदा शून्य

तालुक्याच्या गावी हल्ली 'फुल बॉडी चेकअप'चे फलक दिसतात. साठीच्या पुढच्यांच्या पॅकेजमध्ये पीएसए ही रक्ततपासणी बहुधा असतेच. रिपोर्टवर ४ च्या वरचा आकडा ठळक छापून येतो आणि घरात रडारड सुरू होते, "बाबाले कॅन्सर निंगाला!"

बहुधा निघालेला नसतो. पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वयानुसार ग्रंथी फुगली, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला, तरी ते रक्तात वाढतं, कॅन्सरमुळेही वाढतं. ४ च्या वर गेलेल्या साधारण चौघांपैकी तिघांच्या बायोप्सीत, म्हणजे सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून केलेल्या तपासणीत, कॅन्सर सापडत नाही. आणि उलटही आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या २,९५० पुरुषांपैकी १५ टक्क्यांना बायोप्सीत कॅन्सर आढळला, बहुतेकांचा सौम्य.

मग सगळ्यांचीच बायोप्सी का करू नये? इथे मला अतिशय आवडणारं एक गणित येतं. न्यूयॉर्कचे संशोधक अँड्र्यू विकर्स आणि एलेना एल्किन यांनी ते २००६ मध्ये मांडलं.

एक घातक कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून किती जणांना विनाकारण सुया टोचलेल्या चालतील? समजा, नऊ. म्हणजे प्रत्येक फुकटच्या बायोप्सीची किंमत एक नवमांश कॅन्सर. आता पीएसए वाढलेले १,००० पुरुष घेऊ, त्यांत १०० घातक कॅन्सर धरू. सरसकट सगळ्यांची बायोप्सी केली तर १०० सापडले, ९०० फुकट. ९०० भागिले ९ बरोबर १००. शंभरातून शंभर गेले. एकही कॅन्सर न सुटता निव्वळ फायदा शून्य!

दुसरी रीत अशी : वय, पीएसए, डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी आणि घराण्यातला कॅन्सर एकत्र मांडून प्रत्येकाची जोखीम काढायची, ती १० टक्क्यांच्या वर (नऊ फुकट आणि एक कॅन्सर, म्हणजे दहात एक) गेली तरच बायोप्सी. समजा असे ६०० निघाले आणि त्यांत ९५ कॅन्सर. फुकट गेल्या ५०५, भागिले ९, म्हणजे ५६. ९५ वजा ५६, शिल्लक ३९. पाच जणांचा कॅन्सर तूर्त नजरेतून सुटला, तरी हीच रीत सरस. त्यांचं रक्त पुढे पुन्हा तपासता येतं.

यातला नऊ हा आकडा रुग्णाचा, डॉक्टरांचा नव्हे. ऐन कापूस वेचणीत नागपूर किंवा सेवाग्रामचा दवाखाना गाठायचा, सोबत मुलगा, दोघांची मजुरी बुडाली. असा माणूस पाचच म्हणेल. पाच धरून तेच गणित केलं तर पहिली रीत उणे ८० आणि दुसरीही उणे ६. त्याच्यासाठी बायोप्सीची पायरी १० वरून सहात एक, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास न्यावी लागते.

मात्र जोखीम काढणारी बरीच सूत्रं अमेरिका-युरोपातल्या पुरुषांवर बेतलेली आहेत. सूत्राने २० टक्के सांगितलेल्या शंभर जणांत खरोखर वीसेक कॅन्सर निघतात का, हे आपल्या माणसांवर ताडून पाहायला हवं. वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी सेवाग्रामला होते, पण नोंदणीत रुग्ण येतात. ज्यांचा पीएसए वाढला आणि कॅन्सर निघाला नाही, ते कसे येणार?

आणि हो, आठवडी बाजारातल्या चूर्णाने पीएसए उतरल्याचे किस्से. एकदा चढलेला आकडा बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत आपोआपच खाली येतो. श्रेय पुडीला मिळतं, पैसेही.

म्हणून पीएसए ६ आला तर आधी काही आठवड्यांनी तो पुन्हा करावा. शिवाय सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ग्रंथीचं आकारमान लिहिलेलं असतं, त्याने पीएसएला भागावं. ६० मिलिलिटरच्या ग्रंथीत ०.१०, ३० च्या ग्रंथीत ०.२०. साधारणपणे ०.१५ च्या वर गेलं की संशय वाढतो. लघवीत रक्त किंवा सतत हाडदुखी असेल तर मात्र हे गणित बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.